दुसऱ्या स्लॉटमधलं पाणी

बोर्ड हातात आला की वहिनी आधी त्याचा वास घ्यायची. जळलेल्या मदरबोर्डाचा वास वेगळा, पाणी प्यालेल्याचा वेगळा, आणि आधीच कुणीतरी हात मारून वाट लावलेल्याचा तिसराच. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर ती एकोणीस वर्षं बसत होती. तिथे सगळे तिला वहिनीच म्हणायचे, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला मालकसुद्धा. हे नाव तिच्या दिरानं आणलेलं. तो शाळा सुटली की थेट सेंटरमध्ये यायचा आणि दारातूनच "वहिनी" म्हणून हाक मारायचा. ऐकून ऐकून तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं.

ती लग्न होऊन घरात आली तेव्हा दीर अकरा वर्षांचा होता. नवऱ्याला छापखान्यात दोन पाळ्या, सासूबाईंचे गुडघे धरलेले. धाकट्याचा अभ्यास, धाकट्याचा डबा, धाकट्याचा ताप, सगळं हळूहळू तिच्याकडे आलं, आणि तिला ते आवडलं. तिनं त्याला सोल्डरिंग शिकवलं. तिच्या स्वतःच्या पोटी काही झालं नाही. त्यावर घरात कुणी काही बोललं नाही, पण धाकट्याला रागावलं की सासूबाई म्हणायच्या, "त्याला कशाला बोलतेस, तुला दुसरं कोण आहे?" हे वाक्य प्रेमाचं आहे की टोमणा, याचा तिनं पुष्कळ वर्षं विचार केला आणि मग सोडून दिला.

धाकटा मोठा झाला, मोबाइलच्या दुकानात चिकटला, आणि सव्विसाव्या वर्षी त्याला एक वेड लागलं. प्रोसेसर अतिशय थंड केला, तर बनवणाऱ्यांनी ठरवलेल्या वेगापेक्षा कितीतरी जास्त वेगानं तो पळतो. मग जगभरचे हौशी लोक प्रोसेसरवर तांब्याचं नळकांडं बसवतात, त्यात द्रवरूप नायट्रोजन ओततात, पारा शून्याखाली दीड-पावणेदोनशे अंश नेतात आणि कुणाचा आकडा वर जातो याच्या स्पर्धा लावतात. काही मिनिटांचा खेळ. त्या वेगावर कुणी कामाचं काही करत नाही. धाकट्यानं या लोकांत स्वतःचं नाव 'गारपीट' ठेवलं होतं.

पहिल्याच महिन्यात त्यानं दोन बोर्ड मारले. दुसरा घेऊन तो रविवारी दुपारी स्वयंपाकघरात आला आणि ओट्यावर ठेवून म्हणाला, "वहिनी, हा थंडीनं मेला."

तिनं वास घेतला. "थंडीनं कुठला? पाण्यानं मेलाय."

"पाणी मी घातलंच नाही."

"तू नाही घातलंस, हवेनं घातलं. फ्रीजमधली बाटली बाहेर ठेवली की तिला घाम येतो ना? तसा याला आला. हवा आत शिरू दिली नाहीस तर पाणी येईल कुठून?"

तिथून ते काम तिचं झालं. पुढची सहा वर्षं धाकट्याचा प्रत्येक बोर्ड तिच्या हातून गेला. ती आधी बोर्ड स्पिरिटनं पुसायची, मेमरीचे आणि कार्डांचे स्लॉट चिकटपट्टीनं झाकायची, आणि बारीक ब्रशनं सगळ्या बोर्डावर पाणी न शिरणाऱ्या लेपाचे दोन हात द्यायची. एक हात सुकायला एक दिवस, दुसरा सुकायला दुसरा. त्यावर चित्रकार वापरतात तो मऊ, मळता येणारा खोडरबर. त्याच्या वळ्या करून प्रोसेसरभोवतीच्या प्रत्येक पुर्ज्याच्या फटीत ती बोटाच्या टोकानं दाबून बसवायची, कुठे हवेचा बुडबुडा राहू नये अशी. स्लॉटमध्ये पेट्रोलियम जेली ठासायची. वर कापलेला फोम, फोमवर टिपकागदाच्या घड्या. मग बोर्ड उलटा करून हेच सगळं मागच्या बाजूला, कारण पाठ विसरणारे सगळे पाठीतच मरतात, असं ती म्हणायची. एका बोर्डाला तीन रविवार जायचे. शेवटी ती त्यावर कान टेकवून फोम हलके दाबायची. आत हवा असली तर बारीक 'पुच' असा आवाज यायचा. आवाज आला की सगळं उचकटून पुन्हा पहिल्यापासून.

तिच्या हातचा एकही बोर्ड पाण्यानं गेला नाही. इतरांचे तासाभरात बंद पडायचे, धाकट्याचे चार-चार तास तग धरायचे, आणि त्या जादाच्या वेळात तो आकडा ओढत न्यायचा. दोन वर्षांत त्याचं नाव झालं. एका चॅनेलवर त्याची मुलाखत आली. घरात सगळ्यांनी बसून पाहिली. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, "तुमचे बोर्ड इतके टिकतात, याचं रहस्य काय?" धाकटा हसून म्हणाला, "मेहनत. तयारीत मी काही कमी पडू देत नाही."

सासूबाई म्हणाल्या, "किती छान बोलला."

वहिनीनं नंतर ती मुलाखत एकटीनं आणखी तीनदा पाहिली. कुठेतरी आपलं ऐकायचं राहिलं असेल असं तिला वाटत होतं. राहिलेलं काही नव्हतं. ती मूग गिळून गप्प बसली, कारण विचारायचं म्हणजे मागायचं, आणि घरातल्या माणसाकडे काय मागायचं.

मग एका बोर्ड बनवणाऱ्या कंपनीनं त्याच्यावर नजर ठेवली. कंपनीची मोठी प्रयोगशाळा होती, तिथे माणूस हवा होता. त्या वर्षीच्या स्पर्धेची अंतिम फेरी चांगली गेली की बोलू, असं त्यांनी त्याला सांगितलं. धाकटा घरी आला तो नाचतच.

"वहिनी, त्यांच्याकडे बोर्ड तयार करायची वेगळी खोली आहे. आतली हवा यंत्रानं कोरडी ठेवतात. मी एकदा आत गेलो की तुला बोलावतोच."

"मला कोण घेतंय या वयात."

"तुझ्यासारखे हात त्यांच्याकडे नाहीत. मी सांगेन ना."

चव्वेचाळिसाव्या वर्षी वहिनीच्या डोक्यात ती कोरड्या हवेची खोली शिरली. पांढरं टेबल, वरून सारखा उजेड, हाताशी नवेकोरे ब्रश. सेंटरमध्ये चहा सांडलेले लॅपटॉप उघडताना ती त्या खोलीत जाऊन यायची. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. 

अंतिम फेरी प्रदर्शनाच्या मोठ्या हॉलमध्ये होती, सकाळी दहा ते दुपारी दोन. वहिनी पहिल्यांदाच पाहायला गेली. नवऱ्यानं सुट्टी काढली. ती दोघं चौथ्या रांगेत बसली. व्यासपीठावर सहा टेबलं, प्रत्येकावर पांढरी वाफ, मागे भिंतीएवढा पडदा. निघताना तिनं धाकट्याला पुन्हा बजावलं होतं, "काही झालं तरी गार बोर्डातली मेमरीची पट्टी उपसू नकोस. उपसायचीच वेळ आली तर बोर्ड आधी पूर्ण गरम होऊ दे, पंखा लाव, अर्धा तास थांब, नवी जेली भर."

"किती वेळा सांगशील. पाठ झालंय मला."

दोनला दहा मिनिटं उरली तेव्हा धाकटा दुसऱ्या नंबरवर होता. पहिला एक सडपातळ, दाढीवाला स्पर्धक, जो कुणाशी बोलत नव्हता. दोघांत फार थोडा फरक होता. धाकट्यानं घड्याळ पाहिलं, नळकांड्यातला नायट्रोजन उडू दिला, बर्नर एकदोनदा नळकांड्यावर फिरवला आणि तिथे जास्त वेगाची पट्टी घालायची म्हणून दुसऱ्या स्लॉटमधली मेमरीची पट्टी उपसली. पट्टीला चिकटून जेलीचा लगदा बाहेर आला. वहिनी एवढ्या लांबून तो पाहू शकली कारण पडद्यावर त्याचे हात दाखवत होते. उघड्या स्लॉटवर पापणी लवायच्या आत पांढरं दंव धरलं. धाकट्यानं ते कापडानं पुसलं, नवी पट्टी दाबून बसवली आणि पुन्हा ओतायला घेतलं.

वहिनी उभी राहिली होती. नवरा म्हणाला, "खाली बस, मागच्यांना दिसत नाही."

तीन मिनिटांनी पडद्यावरचा आकडा गेला. धाकट्यानं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. बोर्ड मेला होता आणि दुसरा तयार बोर्ड जोडायला वेळ नव्हता. सूत्रसंचालक माइक घेऊन त्याच्याजवळ गेला. "काय झालं, गारपीट? सगळे विचारताहेत."

धाकट्यानं पहिल्या रांगेतल्या कंपनीच्या माणसांकडे पाहिलं. तो म्हणाला, "इन्सुलेशनमधून पाणी शिरलं. बोर्डची तयारी आमच्या घरी वहिनी करते. शेवटी घरगुती काम आहे, किती भरवसा ठेवणार."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, नुसते हसले. कॅमेऱ्याला कुणीतरी चौथी रांग दाखवली आणि भिंतीएवढ्या पडद्यावर क्षणभर वहिनी दिसली, उभीच, हातात पर्स धरलेली.

सहा वर्षांत त्यानं तिचा उल्लेख पहिल्यांदा केला तो असा.

नवरा म्हणाला, "चल, बाहेर चहा घेऊ." तिनं चहा घेतला. 

मेलेला बोर्ड धाकट्यानं घरी आणून जिन्याखालच्या कपाटात टाकला. पुढच्या रविवारी जेवणं आटोपल्यावर वहिनीनं तो काढला, ओट्यावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि जसा तिनं तो बांधला होता तसाच एकेक थर सोडवायला बसली. टिपकागद कोरडे. फोमच्या खालची बाजू कोरडी. खोडरबर तिनं सुईनं उचलला, त्यावर तिच्या स्वतःच्या बोटांचे ठसे जसेच्या तसे होते आणि खाली लेप काचेसारखा स्वच्छ. पाठ उलटली, तीही कोरडी. मग तिनं मेमरीचा दुसरा स्लॉट पाहिला. पहिल्या, तिसऱ्या, चौथ्यात जेली काठोकाठ होती. दुसऱ्यात नव्हती. तिथे तळाशी हिरवट डाग, आतल्या दोन पिना काळ्या पडलेल्या, आणि जळल्याचा वास तेवढ्याच जागी. प्रत्येक थर उचलताना तिनं मोबाइलवर फोटो काढला होता.

तिनं नवऱ्याला हाक मारली. "अहो, जरा इकडे या. हे बघा."

त्यानं पाहिलं. तो छापखान्यातला माणूस, छापलेल्या पानातली चूक अक्षराच्या कुठल्या खिळ्याची हे त्याला कळायचं. त्यानं स्लॉटवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "झालं ते झालं. आता दाखवून काय मिळवणार आहेस?"

"मिळवायचं काही नाही. माझ्याकडून झालं नाही, एवढंच."

"मला माहीत आहे ना."

"तुम्हाला माहीत असून काय उपयोग? तुम्ही तिथे बोलला नाहीत."

आतून सासूबाई म्हणाल्या, "लहान आहे तो, गेलं तोंडातून. तू मोठी आहेस."

लहान म्हणजे बत्तीस वर्षांचा होता.

धाकटा संध्याकाळी आला. ओट्यावर मांडलेलं सगळं त्यानं दारातूनच पाहिलं आणि तिनं काही विचारायच्या आत म्हणाला, "मला माहीत आहे, वहिनी."

"कधीपासून?"

"तिथेच. पट्टी उपसली तेव्हाच कळलं. पण सात मिनिटं होती हातात."

"मग तसं सांगायचं."

"समोर कंपनीची माणसं बसली होती. घाईत पट्टी उपसली म्हटलं असतं तर माझं तिथेच संपलं असतं. काहीतरी सांगायला हवं होतं." तो स्टुलावर बसला. "तुझं काय जातंय त्यात? तुला तिथे ओळखतं कोण?"

"आता ओळखतात," वहिनी म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. मग खिशातून चौघडी केलेला कागद काढला. बोर्ड तयार करणाऱ्या माणसाकडून बिघाडाचं कारण लेखी हवं, असं कंपनीनं कळवलं होतं. कागद वहिनीच्या नावानं टाइप करूनच आणला होता: लेपाचा दुसरा हात पुरेसा सुकला नव्हता, त्यामुळे ओलावा शिरला, याची जबाबदारी माझी आहे. खाली सहीसाठी रेघ.

"फक्त सही कर. एवढ्यावर नोकरीचं ठरतंय. मी तिथे गेलो की तुला घेणारच आहे, तुला माहितीये."

"याच कागदावर? माझा हात सुकत नाही असं लिहून?"

"मी सांगेन नंतर त्यांना."

तिनं कागद वाचला, पुन्हा चौघडी केली आणि त्याच्या खिशात ठेवला, त्याच्या लहानपणी रुमाल ठेवायची तसा. "मी माझं लिहून देते," ती म्हणाली.

तिला चार दिवस लागले. सेंटरमधून येऊन, भाकरी-भाजी आटोपून ती लिहायला बसायची आणि पुन्हा खोडायची. शेवटी तीन पानं झाली, सोबत अकरा फोटो. धाकट्याला नावं ठेवणारं त्यात एक अक्षर नव्हतं. कुठला थर कसा निघाला, कुठे कोरडा, कुठे ओला, आणि ओलावा फक्त दुसऱ्या स्लॉटमध्ये का, एवढंच. ते तिनं कंपनीनं दिलेल्या पत्त्यावर मेल केलं आणि नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "आईला नको सांगूस." पण आईला सांगायला धाकटा होता.

आठवड्यानं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचा फोन आला. वहिनी सेंटरमध्ये होती. हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवून ती बाहेरच्या पायऱ्यांवर गेली.

"हा रिपोर्ट तुम्ही स्वतः लिहिलात?" त्यानं विचारलं. आवाज सभ्य होता.

"हो."

"आमच्याकडे असा रिपोर्ट कुणी लिहीत नाही. शिक्षण काय तुमचं?"

"रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा एक वर्षाचा कोर्स."

"अच्छा," तो म्हणाला. त्या 'अच्छा'नंतर वहिनीला पुढचं सगळं कळलं, तरी ती ऐकत राहिली. "तुमच्या दिरांना आम्ही घेतोय. हातघाईत चूक कुणाकडूनही होते, त्याचं एवढं काही नाही. आम्हाला लोकांसमोर उभं राहून बोलणारा माणूस हवा होता, ते त्यांना जमतं. एक विचारायचं होतं. तुमचे फोटो आणि ही पद्धत आम्ही नव्या लोकांच्या ट्रेनिंगला वापरली तर चालेल ना?"

"ट्रेनिंग कोण घेणार?"

"तेच घेतील. त्यांना अनुभव आहे."

वहिनी म्हणाली, "चालेल." फोन ठेवल्यावर ती पायरीवर बसून राहिली. चालेल का म्हटलं, याचा तिला धाकट्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. एकोणीस वर्षं गिऱ्हाइकाला 'चालेल' म्हणून म्हणून तोंडाला तेच वळण पडलं होतं.

म्हणजे तिच्या सहीशिवायही नोकरी मिळाली, आणि तिनं खरं लिहूनही कुणाचं काही अडलं नाही. पण घरात हिशेब वेगळा झाला. सासूबाईंच्या मते वहिनीनं धाकट्याच्या तोंडचा घास काढायचा प्रयत्न केला आणि त्याचं नशीब म्हणून तो वाचला. "पोटचा असता तर असं केलं असतं का?" त्या म्हणाल्या. इतकी वर्षं जे कुणी बोललं नव्हतं ते एका वाक्यात बोलून झालं. नवरा तेव्हा तिथेच बसून बूट पुसत होता. त्यानं दुसरा बूट घेतला.

महिनाभरात धाकट्यानं कंपनीजवळ घर घेतलं आणि आईला नेलं. सामान हलवताना तो वहिनीसमोर आला, काहीतरी बोलायचं म्हणून घुटमळला आणि म्हणाला, "ब्रश तुझे इथेच ठेवलेत." ती म्हणाली, "बरं." सासूबाईंनी जाताना तिच्याकडे पाहिलं नाही, पण गुडघ्याला लावायचं तेल विसरलं म्हणून धाकट्याला परत पाठवलं, आणि ते वहिनीनंच शोधून दिलं.

सेंटरमध्ये तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता. शेजारच्या टेबलावरचा प्रिंटरवाला पहिले काही दिवस गंमत करायचा, "वहिनी, बाटली जरा लांब ठेवा, तुमच्याकडे पाणी झिरपतं म्हणतात." तीही हसायची. मग एका गिऱ्हाइकानं बोर्ड देताना विचारलं, हे त्याच बाईंकडे जाणार का. मालकानं ते मनावर घेतलं. तो माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. त्यानं महागाचे बोर्ड दुसऱ्याकडे दिले आणि वहिनीला कीबोर्ड आणि चार्जिंगच्या पिना दिल्या. "थोडे दिवस," तो म्हणाला. ते थोडे दिवस दीड वर्ष चालले.

त्यानंतर एकदा तो सडपातळ दाढीवाला सेंटरमध्ये आला, त्या फेरीचा विजेता. त्याच्या हातात नवाकोरा बोर्ड होता. त्यानं काउंटरवर विचारलं आणि खिडकीजवळ येऊन उभा राहिला.

"त्या दिवशी मी शेजारच्या टेबलावर होतो," तो म्हणाला. "त्यांनी पट्टी उपसली ते मी पाहिलं. मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. पहिला नंबर होता माझा."

वहिनीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग आता काय?"

"हा बोर्ड तयार करून द्याल का? तुमच्यासारखं काम मी कुठे पाहिलं नाही."

तिनं बोर्ड हातात घेतला, वास घेतला. नव्या बोर्डाला फक्त प्लास्टिकचा वास येतो. नाही म्हणायचं तिच्या मनात होतं. पण बोटांनी तेवढ्यात प्रोसेसरभोवतीच्या फटी चाचपायला सुरुवात केली होती. "तीन आठवडे लागतील," ती म्हणाली.

तीन रविवार तिनं घरी काम केलं, पूर्वी करायची तसंच, एका ठिकाणी 'पुच' वाजलं म्हणून एकदा सगळं उचकटूनसुद्धा. नवरा मध्ये एकदा येऊन उभा राहिला, काही मदत करू का म्हणाला. ती म्हणाली, "उजेडातून बाजूला व्हा."

दाढीवाला सेंटरमध्ये बोर्ड न्यायला आला तेव्हा त्यानं आधीच ठरवलेलं दिसत होतं. "या वेळी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, तयारी कुणाची ते. नाव काय लावू तुमचं?"

"लावू नका."

"अहो, पण हक्काचं आहे ते."

"जिंकलात तर सांगाल, हे मला पटतं," वहिनी म्हणाली. "हरलात तर काय सांगाल, ते तुम्हालाही आज माहीत नाही."

 त्यानं पिशवी उचलली आणि दार हळू ओढून घेतलं. वहिनीनं पुढचा लॅपटॉप जवळ ओढला, उलटा केला आणि त्याचे स्क्रू काढायला लागली.